आलाव त्याच पावलान

हमीदाआपा कुठल्याही जुन्या जागी पोचल्या की पहिलं काम एकच करायच्या. खांद्यावरची कापडी पिशवी उघडून सगळ्यांसमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "टाका." पिशवीत मोबाइल टाकायचे असत. देवळात आरतीचं ताट फिरावं तशी ती फिरायची, आणि ताट जवळ आलं की काही जणांना जसं अचानक घंटेकडे बघावंसं वाटतं, तसं इथेही काहींना दूरवरचं क्षितिज दिसायला लागायचं. सगळे मोबाइल जमा झाल्याशिवाय आपा पुढे पाऊल टाकत नसत. "आधी पायान बगा," त्या म्हणायच्या, "मग डोळ्यान बगा. फोटो सगळ्यात शेवट. फोटो काय, घरी बसून पन दिसतो."

पहिल्या दिवशी मी मोबाइल द्यायला नकार दिला. ऑफिसातून महत्त्वाचा फोन येणार आहे, असं सांगितलं. शुक्रवारची सकाळ होती, सुट्टीचा दिवस, सबंध कुवेत झोपलेलं होतं. शिवाय माझं ऑफिसातलं स्थान असं की मी आठवडाभर गेलो नाही तर ते सर्वांत आधी चहा देणाऱ्याच्या लक्षात येईल. आपांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "बरा," त्या म्हणाल्या, "तुमी गाडीत बसा. फोन आला की घ्या. आमी फिरून येताव." मी मोबाइल पिशवीत टाकला.

मुळात मी तिथे गेलो कसा, हे सांगायला हवं. मी बार्शीचा. कुवेत सिटीतल्या एका कंपनीत हिशेब बघतो आणि रिग्गईत राहतो. बार्शीला डोंगर नाही. पण परदेशात गेलेल्या मराठी माणसाला गावी डोंगर असावा लागत नाही, अख्खा सह्याद्री त्याच्या नावावर असतो. केरळच्या सहकाऱ्यांसमोर 'आम्ही गडकोटांच्या देशातले' हे वाक्य मी वर्षानुवर्षं टाकत आलो होतो. प्रत्यक्षात माझ्या नावावर दोनच गड होते. एकावर शाळेची सहल गेली तेव्हा मी पोट दुखतंय म्हणून पायथ्याशी डबे राखत बसलो होतो, आणि दुसऱ्यावर रोपवेच्या पाळण्यात बसून गेलो होतो. त्यामुळे कुवेतमध्ये एक बाई दर शुक्रवारी मराठी लोकांना गड-किल्ले दाखवायला नेतात, असं कळलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. कुवेत म्हणजे पोळपाट. इथे उंच जायचं तर लिफ्टनेच. पण डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं, आणि माझी बायको वैशाली डॉक्टरांचं म्हणणं माझ्या बाबतीत फार मनावर घेते. तिने परस्पर आमची तिघांची नावं देऊन टाकली.

पहिली सहल जहराच्या लाल किल्ल्याची. 'लाल किल्ला' ऐकून आमच्या ईशाने दिल्लीची तयारी केली होती. समोर आल्या मातीच्या भिंती आणि कोपऱ्यांवर बसके बुरूज. "इट्स सो शॉर्ट, बाबा," ती म्हणाली. मला चेव आला. "आमच्याकडे याला बाजार समितीचं गोदाम म्हणतील," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. आपा पुढे होत्या. त्या थांबल्या, मागे आल्या आणि म्हणाल्या, "देशमाने भाऊ, भिंतीला हात लावा." मी लावला. भिंत गार होती. "हकडं लोक आत कोंडलेली. भायेर दुश्मन, आत पाणी संपत आलेला. किल्ला उंचीवरनं मोजायचा नसतो. आत कोन जीव मुठीत घेऊन बसला होता, त्यावरनं मोजायचा." मी हात काढला नाही. पुढची पंधरा-वीस मिनिटं मी काहीही बोललो नाही, आणि हा विक्रम वैशाली अजून लोकांना सांगते.

आपा एका भारतीय शाळेत भूगोल शिकवायच्या. बुटक्या, गोलसर, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, अंगात सैल कुर्ता आणि पायात शाळेच्या पोरांसारखे कॅनव्हासचे बूट. चालताना त्या कधी घाई करत नसत आणि तरी नेहमी पुढे असत. "वर्गात नकाशा भिंतीवर असतो," त्या म्हणायच्या, "हकडं आपन नकाशावर असताव." त्यांचं मूळ गाव दाभोळच्या खाडीकाठी, पण जन्म इथलाच. वडील शुऐबाच्या बंदरात कोठारावर होते. शुक्रवारी सकाळी ते लेकीचं बोट धरून निघायचे आणि जुम्म्याच्या नमाजाआधी घरी परतायचे. वडील गेले, शुक्रवार तेवढा राहिला. आपांनी त्यात आधी शाळेतली मुलं घेतली, मग मुलांचे आईबाप, आणि शेवटी माझ्यासारखी, ज्यांना कुणीच कुठे नेत नव्हतं अशी माणसं.

पिशवीखालोखाल महत्त्व त्यांच्या डब्यांना होतं. तांदळाच्या भाकरी, सुकटीची चटणी, कैरी असेल तर कैरी. शाकाहारी लोकांचा डबा वेगळा, त्याला हिरवं रबर. कुणाची चतुर्थी, कुणाचा गुरुवार हे त्यांना पाठ असायचं. संकष्टी शुक्रवारी आली की वैशालीसाठी उकडलेली रताळी न चुकता यायची, वर खोबरं आणि गूळ. ती रताळी इतकी चांगली असत की तिसऱ्या वेळी मीही आपला उपवास असल्याचं जाहीर केलं. आपांनी माझ्यापुढे रताळी ठेवली आणि सुकटीचा डबा मुद्दाम माझ्या नाकाखाली उघडून बाजूच्याला वाढला. मी उपवास पूर्ण केला, पण पुन्हा धरला नाही.

त्यांना शब्दांचाही नाद होता. एकदा उत्तरेकडे रस्ता चुकलो. मेंढ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्या कुवेतीला मी मोबाइलवरचं अरबी वाचून दाखवलं. त्याने ते सहनशीलपणे ऐकून घेतलं आणि हात पुढे करून म्हणाला, "सीदा, सीदा." मी गाडीत येऊन सांगितलं की त्याला हिंदी येतं. आपा हसून हसून लाल झाल्या. "हिंदी नाय ओ. सीदा हा आता त्यांचाच शब्द. आपल्या लोकांच्या बोटीतून उतरला नि हकडंच ऱ्हायला. त्याला कोनी इकामा मागितला नाय." इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. तेव्हा त्या वाक्याला आम्ही सगळे हसलो.

फैलका बेटावर गेलो तेव्हा मात्र त्यांनी थट्टा केली नाही. बोटीतून उतरल्यावर जुन्या ग्रीक देवळाची जोती पाहिली, आणि मग ओस पडलेल्या घरांच्या गल्लीतून चाललो. भिंतींवर गोळ्यांचे व्रण. नव्वद साली इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा आपा तरुण मास्तरीण होत्या. बापलेक बसने वाळवंट ओलांडून जॉर्डनला गेले, तिथून मुंबईला, आणि लढाई संपल्यावर पुन्हा इथेच परत आले. परत आले तेव्हा वाळूत सुरुंग पेरलेले होते. वडिलांनी तरीही शुक्रवार सोडला नाही. फक्त एक नियम घालून दिला. गाडीच्या चाकोरीतूनच चालायचं, आणि चाकोरी सुटली असं वाटलं तर जागीच थांबायचं. "आलाव त्याच पावलान परत यायचा," आपा म्हणाल्या. "नवा पाऊल टाकायचा नाय." आता तशी भीती उरली नाही असं सगळे म्हणतात. आपा मात्र नियम पाळायच्या, आणि आम्ही त्यांच्या पाठीमागे त्याची टिंगल करायचो. टिंगलीत माझा वाटा मोठा होता.

मग एका वर्षी शाळेने त्यांना निवृत्त केलं. इथला हिशेब सोपा आहे. नोकरी संपली की इकामा संपतो, आणि इकामा संपला की माणूस आपल्या देशात जातो, मग तो जन्माला कुठेही आलेला असो. लोक त्यांना म्हणायचे, आता काय, गावी आराम, मासे, नारळीपोफळी. आपा मान हलवायच्या. वैशालीने एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गाव माजा हाय, पन रस्ते म्हायीत नाय. मे महिन्यात पाहुनी म्हनून जायची. कोनतरी हात धरून न्यायचा, हात धरून आनायचा." सगळ्या कुवेतला वाट दाखवणाऱ्या बाईला स्वतःच्या गावात वाट ठाऊक नव्हती. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "घर आवरला. बाकी सगळा बॅगेत भरता येतंय. शुक्रवार नाय भरता येत. तो कोनतरी हकडंच संबाळायला होवा."

यासाठी इथल्या मराठी मंडळाची बैठक झाली. सगळ्यांनी आपांची तोंड भरून स्तुती केली. शुक्रवार बंद पडता कामा नये यावर एकमत झालं. तो कुणी चालवायचा या मुद्द्यावर मात्र एकेकाला मुलांचे क्लास, सासूबाईंचं येणं आणि गुडघा आठवला. त्याच वेळी चहाची किटली माझ्या मागून निघून चालली होती. मी तिला थांबवायला हात वर केला. टाळ्या पडल्या. मी सांगायचा प्रयत्न केला की मला फक्त चहा हवाय, पण आपा उभ्या राहिल्या होत्या. "देशमाने भाऊ नेतील," त्या म्हणाल्या. हॉलमध्ये हशा पिकला. वैशालीने तोंडावर पदर धरला, आणि ती त्या दिवशी ड्रेसमध्ये होती. एकट्या आपा हसत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला नाही म्हणता आलं नाही, आणि चहाही मिळाला नाही.

माझी परीक्षा त्यांच्यादेखत व्हायची ठरली. जागा उत्तरेकडची एक लांबच लांब टेकडी. कुवेतच्या मानाने सह्याद्रीच. तिचं नाव मुतला. हे नाव चारचौघांत घेणं मराठी माणसाला किती जड जातं हे मी सांगायला नको. वैशाली तिला 'तो डोंगर' म्हणते. निरोप पाठवताना मीही 'तो डोंगर' असं लिहिलं आणि दोन गाड्या भलतीकडे गेल्या. आपांनी मला फोन केला. "नाव घ्या ओ, लाज कसली? अरबीत त्याचा अर्थ, वरनं खालचा समदा दिसतो ती जागा. तुमी वर चला, मग कळल."

मी पुढे, आपा सगळ्यात मागे, असं आम्ही निघालो. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं की पुढे चालणाऱ्याने सारखं मागे बघायचं. पण पुढे चालायला लागलं की माणसाला मागचे लोक दिसत नाहीत, फक्त आपण दिसतो. मी कमरेवर हात ठेवून, मान वर करून चाललो होतो. आणि चढ सुरू व्हायच्या जरा आधी, गाडीच्या चाकोरीपासून थोडा आत, मला तो दगड दिसला.

गुडघाभर उंच, उभा, गोलसर माथ्याचा आणि वरपासून खालपर्यंत शेंदराने माखलेला. माझ्या अंगावर काटा आला. बार्शीत आमच्या शिवेवर म्हसोबा आहे, अगदी तसाच. परक्या मुलखात, एवढ्या वाळूत, आपला माणूस भेटल्यासारखं झालं. मी विचार केला नाही असं म्हणता येणार नाही; उलट फार केला. मराठ्यांचे घोडे इथवर आले असणार, याचा हा पुरावा, आणि तो सापडला कुणाला, तर देशमान्यांना. मंडळाच्या दिवाळी अंकातला लेख मनात अर्धा लिहूनही झाला. मी बूट काढले, मोजे काढले, चाकोरी सोडली आणि हात जोडून अनवाणी त्या दगडाकडे चालू लागलो. मागच्या दोन बायकांनी माझं बघून चपला काढल्या. एक जण पाकिटात सुट्टे शोधू लागला.

"हलू नका."

आवाज मोठा नव्हता. तरी सगळे थांबले. "देशमाने भाऊ, हाय तितंच ऱ्हावा. पाय उचलू नका." आपा मागून पुढे येत होत्या, आणि चालता चालता बाकीच्यांना हाताने चाकोरीत लोटत होत्या. "हकडं रंगवलेला दगड देव नसतो. खाली काय असल सांगता येत नाय. धोक्याची खून असते ती."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पायात उतरला. पाय लटपटायला लागले. लटपटणारे पाय जागेवर ठेवणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी कळलं. समोर शेंदूर, हात अजून जोडलेले. ते सोडायचंही मला सुचलं नाही. वैशाली काही बोलली नाही. आमच्या संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

"एकदम वळू नका," आपा चाकोरीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. "मान तेवढी वळवा. वाळूत तुमचा पाऊल दिसतो?"

दिसत होतं. अनवाणी गेल्यामुळे टाच, बोटं, सगळं स्पष्ट उठलं होतं.

"आलाव त्याच पावलान परत या. घाई नाय. जुम्म्याला अजून येळ हाय."

मी उलटा चालत आलो. एक पाय उचलायचा, मागचा ठसा शोधायचा, त्यात टाच बसवायची. आपा माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, फक्त पायाकडे बघत होत्या, आणि प्रत्येक पाऊल टेकलं की हळूच "हां" म्हणत होत्या. ईशा लहान असताना मी तिला असाच चालवायचो. शेवटचं पाऊल चाकोरीत पडल्यावर आपांनी माझं मनगट धरलं. त्या तिथेच वाळूत बसल्या. मला फार वाईट वाटलं. या बाईने एकच गोष्ट माझ्या हाती द्यायची ठरवली होती, आणि ती घेऊन मी सरळ खड्ड्याकडे चालत गेलो होतो.

आपांनी पोलिसांना फोन केला. गाडी आली. त्यातल्या एका तरुण पोलिसाने दुर्बिणीतून दगड बघितला, कुणालातरी फोन लावला, मग सरळ चालत दगडापाशी गेला आणि तो आडवा केला. दगडाच्या मागच्या बाजूला अरबीत एका कुटुंबाचं नाव रंगवलेलं होतं. थंडीत इथले लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात. पाहुण्यांना आपला तंबू सापडावा म्हणून कुणीतरी घरात उरलेला रंग दगडाला फासला होता. पोलीस परत आला तेव्हा त्याच्या दोन बोटांत माझे मोजे होते, वाऱ्याने दगडापर्यंत उडत गेलेले. तो आपांशी अरबीत बराच वेळ बोलला. तो काय म्हणाला, असं मी विचारलं. "म्हनतो, पुन्हा दिसला तरी फोन करा. लाजू नका."

त्या दिवशी आम्ही वर गेलो नाही. गाडीपाशी डबे उघडले. मी आपांजवळ जाऊन बसलो. "आपा, हे माझ्याच्यानं होणार नाही," मी म्हटलं. "देव नव्हता, बॉम्बही नव्हता. गाढव तेवढं निघालं."

आपांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "गाढव कदी आपली पावला बगून परत येतो काय? तुमी आलाव. चुकनार सगळीच. मी आयुष्यभर लोकांना जायाला नाय शिकवला, परत यायला शिकवला. तुमना तेवढा येतो." मग म्हणाल्या, "पुडच्या शुक्रवारी वर जाव्या. आनि मोजे घालून चला."

पुढच्या शुक्रवारी आम्ही वर गेलो. मी मान दुखेपर्यंत मागे बघत होतो. वरून खाली खाडी दिसली, पलीकडे धुरकट शहर. आपा बराच वेळ उभ्या होत्या. फोटोसाठी मी पिशवी पुढे केली, तेव्हा त्यांनी आपला मोबाइल काढला नाही. "पायान बगितला," म्हणाल्या, "पुरे."

जूनमध्ये त्या गेल्या. विमानतळावर आम्ही चार-पाच घरं होतो. त्यांनी ती कापडी पिशवी घडी करून माझ्या हातात दिली. मी विचारलं, "भीती वाटते का, आपा?" "वाटते," त्या म्हणाल्या. "विमानाची नाय. उतरल्यावर कनच्या बाजूला वळायचा, त्याची." मी हात पुढे केला आणि म्हटलं, "सीदा." त्या हसल्या, डोळे पुसले आणि आत गेल्या. मागे बघायचा नियम त्यांनी तेवढा मोडला.

थंडी सुरू झाल्यावर मी शुक्रवार काढला. मोजकेच लोक आले. मुतल्यालाच गेलो, निरोपात नाव सबंध लिहिलं. या वर्षी तंबूवाल्यांनी दुसरीकडे कुठेतरी नवा दगड रंगवला होता, आधीच्याहून लाल. नव्याने आलेला एक कोल्हापूरचा गृहस्थ तो बघून भारावला आणि बुटाची नाडी सोडू लागला. एक पाऊल त्याने बाहेर टाकलंही. "हलू नका," मी म्हणालो. "आलाव त्याच पावलान परत या." तो गुपचूप आला. आम्ही पोलिसांना फोन केला, लाजलो नाही. वैशाली माझ्याकडे बघत राहिली. "बार्शीचे ना तुम्ही? ही कुठली भाषा?"

घरी येऊन मी हे सगळं मोबाइलवर बोलून आपांना पाठवलं. काही दिवस उत्तर आलं नाही. मग आलं. आवाजामागे कावळे होते आणि कुणीतरी लांबून हाक मारत होतं.

"देशमाने भाऊ, आयकला. लय हसले. मी पन रोज चालतंय. खाडीवर जायचा रस्ता दोनदा चुकले, गेले त्याच पावलान परत आले. तिसऱ्यांदा सापडला. वाटेत एक शेंदराचा दगड हाय. मी थांबले. पोलिसाला फोन नाय केला, शेजारनीला विचारला. ती म्हनली, देव हाय, खरा. मी चपला काढल्या नि बाजूनं गेले. म्हनलं, देशमाने भावांच्या वळखीचा असल."